रोज नवा दाखला : कंटेनर, सर्टिफिकेट आणि आपली एक सवय

(देवपूर, धुळे इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आज समीक्षा करायची आहे ती एका फाइलची. डॉकर कम्पोजची फाइल, जेमतेम तीस ओळींची. ती मुळात कोणी लिहिली ते सांगता येणार नाही, कारण ती हातोहात फिरत आली आहे. सीनिअरने ज्युनिअरला दिली, ज्युनिअरने प्रोजेक्टला लावली, आणि प्रोजेक्टमधून ती एखाद्या शाळेच्या, पतसंस्थेच्या, कृषी सेवा केंद्राच्या वेबसाइटवर जाऊन बसली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर तिचं कुठलं ना कुठलं रूप असणार, असं मी धरून चालतो. (हशा)

फाइल काय करते ते आधी बघू. एकच कंटेनर. त्यात वेबसाइटचा कोड, त्यातच एन्जिनएक्स, त्यातच सर्टबॉट. कंटेनर उभा राहिला की एक स्क्रिप्ट चालते. ती लेट्स एन्क्रिप्टकडे सर्टिफिकेट मागते, मिळालं की एन्जिनएक्स सुरू करते. खाली एक ओळ असते, रीस्टार्ट ऑलवेज. व्हॉल्यूमचा उल्लेख कुठेही नाही. म्हणजे मिळालेलं सर्टिफिकेट आणि त्याची खासगी चावी कंटेनरच्या पोटातच राहते. कंटेनर काढून टाकला की दोन्ही गेलं.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा ही फाइल झकास चालते, आणि तिच्यात दोष आहे तो इथेच. डेमोला चालते, सबमिशनला चालते. परीक्षक बघतात, एचटीटीपीएस लागलंय, पूर्ण मार्क. मोडते ती नंतर, आपण कौतुक ऐकून घरी गेल्यावर.

सेतू केंद्राचं उदाहरण घ्या. तुम्ही उत्पन्नाचा दाखला काढलात, घरी आणलात, रात्री झोपताना फाडून टाकलात. सकाळी परत रांगेत. त्याच नावाचा, त्याच पत्त्याचा दाखला. समजा तिथे फी लागत नाही आणि समोरचा माणूस शांत स्वभावाचा आहे. तरी पाचव्या-सहाव्या दिवशी तो चष्मा काढून विचारणारच ना, की भाऊ, कालचा कुठे गेला? लेट्स एन्क्रिप्टची मर्यादा म्हणजे हा प्रश्न आहे. आपण त्याला 'ब्लॉक केलं' म्हणतो.

नेमके आकडे सांगतो, कारण अर्धवट आकड्यांनी फार गोंधळ होतो. अगदी त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाच सर्टिफिकेटं. एका नोंदणीकृत डोमेनखाली, सगळी उपनावं धरून, सात दिवसांत पन्नास. एका नावाची पडताळणी चुकली तर एका खात्याला तासाला पाच चुका माफ. नवीन खाती एका आयपी पत्त्यावरून तीन तासांत दहा. ह्यातली पहिली मर्यादा, पाचची, आपल्या ह्या फाइलला सगळ्यात आधी आडवी येते. पन्नासपर्यंत पोचायला आपली फाइल जगतच नाही.

आता ही पाचची मर्यादा कशी मोजतात? बादलीसारखी. धुळेकरांना बादलीचा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही. (हशा) पाच तांब्यांची बादली आहे. नळाची धार बारीक, ३४ तासांत एक तांब्या भरते. तुम्ही रोज रात्री नवा कंटेनर चढवता, म्हणजे २४ तासांनी एक तांब्या काढता. येतं पाऊण तांब्याहून जरा कमी, जातं एक. बादली भरलेली असताना सुरुवात केलीत तर साधारण दोन आठवडे निभावतं. पंधराव्या-सोळाव्या रात्री बादलीत तांब्याभर पाणी नसतं. त्या रात्री जुना कंटेनर आधीच काढून टाकलेला असतो, नव्याला सर्टिफिकेट मिळत नाही, स्क्रिप्ट तिथेच मरते, आणि सकाळी साइट बंद. दुसऱ्या रात्री परत मिळतं. मग काही रात्री ठीक, परत बंद. आठवड्यातून साधारण दोन रात्री.

ह्याचं वाईट असं की कोणी काही बदललेलं नसतं. कोड तोच, सर्व्हर तोच, माणूस तोच. दोन आठवडे चाललेली गोष्ट बंद पडली की आपण कारण बाहेर शोधतो. नेट गेलं होतं, होस्टिंगवाल्याने काहीतरी केलं. आणि आपल्याकडचं लाडकं कारण, लाइट गेली होती.

लाइटबद्दल जरा थांबतो. लाइट गेली, सर्व्हर बंद पडला, परत सुरू झाला, रीस्टार्ट ऑलवेजमुळे कंटेनर उठला. ह्यात सर्टिफिकेट जात नाही. बंद करून सुरू केलेल्या कंटेनरचा लिहिता थर जसाच्या तसा असतो. तो जातो कंटेनर काढून नवा बनवला तर. म्हणजे 'कम्पोज डाउन' आणि मग 'अप', किंवा नवी इमेज आली म्हणून कम्पोजने कंटेनर नव्याने बांधला. हा फरक ज्याला कळला त्याला अर्धा विषय कळला. अपवाद एकच. काही स्क्रिप्टमध्ये सर्टबॉटला 'फोर्स रिन्यूअल' लावलेलं असतं, म्हणजे जुनं धडधाकट असलं तरी नवं आणच. मग मात्र साध्या रीस्टार्टलाही एक तांब्या जातो. ते शब्द तुमच्या स्क्रिप्टमध्ये दिसले तर आज घरी जाऊन खोडा.

कोणी म्हणेल, एक दिवस साइट बंद राहिली तर काय बिघडलं? वेबसाइट कोणाची आहे त्यावर आहे. प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस असेल, आणि पोरगं साक्रीहून किंवा शिरपूरच्या एखाद्या पाड्यावरून मोबाइलवर फॉर्म भरत असेल, तर त्याला लाल इशारा दिसतो. 'पुढे जा' दाबण्याची सोयसुद्धा नेहमी नसते. साइटने एकदा एचएसटीएस लावलं की ब्राउझर ती वाट बंद करतो, आणि ते बरोबरच आहे. मोबाइल ॲप असेल तर इशाराही नाही, ॲप नुसतं चालत नाही. त्या पोराला बादलीचं गणित माहीत नसतं. त्याला वाटतं आपल्या फोनमध्येच काही बिघाड आहे.

आता जरा खोल जातो. सर्टिफिकेटांचा ढीग लागला तर नुकसान काय, फुकट तर आहेत, असं विचारणारे भेटतात. तर २०१४ सालची एक गोष्ट सांगतो, आपल्याच देशातली. २ जुलै २०१४ ला गूगलच्या लक्षात आलं की गूगलच्या डोमेनांची सर्टिफिकेटं भलत्याच ठिकाणाहून निघाली आहेत. ती निघाली होती नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणन व्यवस्थेतून. एनआयसीच्या वरची संस्था म्हणजे प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक, सीसीए. तिच्या मूळ सर्टिफिकेटावर विंडोजचा विश्वास होता, त्यामुळे ही खोटी सर्टिफिकेटं बऱ्याच संगणकांवर खरी ठरली असती. ३ तारखेला सीसीएने एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली. पुढे सीसीएने कळवलं की एनआयसीची सर्टिफिकेट देण्याची प्रक्रियाच कोणीतरी फोडली होती, आणि चुकीची सर्टिफिकेटं चार आहेत. तीन गूगलची, एक याहूचं. गूगलने म्हटलं, ह्या चारांत नसलेलीही आमच्या पाहण्यात आहेत, तेव्हा व्याप्ती किती ते कळायला मार्ग नाही.

व्याप्ती कळायला मार्ग नाही. हे वाक्य महत्त्वाचं आहे. त्या काळी कोणत्या डोमेनला कुठून किती सर्टिफिकेटं दिली गेली, ते कोणालाही बघता येईल असं सक्तीचं रजिस्टर नव्हतं. आज आहे. सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी म्हणतात त्याला. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेलं सर्टिफिकेट ह्या जाहीर रजिस्टरात नसेल तर क्रोम ते मानत नाही. हे रजिस्टर कोणीही वाचू शकतो. सीआरटी डॉट एसएच नावाच्या पानावर आपल्या डोमेनचं नाव टाका, आजवरची सगळी यादी समोर येते.

ही यादी बघून घ्याच. व्यवस्थित चाललेल्या साइटची यादी शांत असते, दर दोन महिन्यांनी एखादी नोंद. आपल्या फाइलवर चाललेल्या साइटची यादी म्हणजे लग्नाची पंगत, एकाच नावाच्या नोंदींच्या ओळीच्या ओळी. त्या गर्दीत उद्या एखादं परकं सर्टिफिकेट आलं, तुमच्या डोमेनचं पण तुम्ही न मागितलेलं, तर ते तुम्हाला दिसेल का? रजिस्टर उघडं ठेवलं ते मालकाने वाचावं म्हणून. आपण आपल्याच हाताने ते वाचण्याच्या लायकीचं ठेवत नाही. माझा खरा आक्षेप हा आहे. मर्यादेला धडकणं त्यामानाने किरकोळ.

शिवाय त्या प्रत्येक नोंदीची एक खासगी चावी होती. ती कुठे आहे? काढून टाकलेल्या कंटेनरबरोबर गेली, बहुतेक. 'बहुतेक' म्हणायला लागतं ह्यातच काय ते आलं.

आता अवजारांकडे. सर्टबॉट हे मुळात एका यंत्रावर बसून राहणारं अवजार आहे. ते एका फोल्डरवर विश्वास ठेवतं, की उद्या आलो तरी हे इथेच असेल. कंटेनरमध्ये त्याला घातलं आणि फोल्डर बाहेर ठेवलं नाही, की रोज सकाळी त्याला पहिला दिवस वाटतो. दोष सर्टबॉटचा म्हणता येणार नाही.

कॅडी मला जास्त आवडतो, आणि त्याचं कारण ह्याच विषयातलं आहे. पडताळणी चुकली तर पुढचे प्रयत्न तो लेट्स एन्क्रिप्टच्या सरावाच्या सर्व्हरवर करतो, तिथे जमलं तरच खऱ्या दारात जातो. प्रयत्नांमधलं अंतरही वाढवत नेतो. म्हणजे आपण बेशिस्त वागलो तरी तो आपल्या वतीने शिस्त पाळतो. त्याच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय की डेटाचं फोल्डर कॅश समजू नका, ते जपा. पण कॅडी इतका सोपा आहे की माहिती वाचायची वेळच येत नाही! दोन ओळींत साइट उभी राहते आणि व्हॉल्यूमची तिसरी ओळ राहून जाते. सोपेपणाची ही किंमत मोजताना मी चांगले चांगले लोक बघितलेत.

ट्रॅफिकचं सगळं एका जेसन फाइलमध्ये असतं. ती फाइल आधी तयार न करता जोडायला गेलात तर डॉकर त्याच नावाचं फोल्डर बनवून ठेवतो, आणि मग दुपार कुठे जाते कळत नाही. (हशा) शिवाय दोन ट्रॅफिक ती फाइल वाटून घेऊ शकत नाहीत. कुबरनेटिसवर असाल तर सर्ट-मॅनेजर आहे, तो सर्टिफिकेट सीक्रेटमध्ये ठेवतो आणि तुम्ही सर्टिफिकेटची नोंद काढलीत तरी सीक्रेट मुद्दाम मागे ठेवतो. ज्याने हे ठरवलं त्याला लोकांच्या सवयी माहीत होत्या. मात्र अख्खी नेमस्पेस उडवलीत तर तोही काही करू शकत नाही. पण धुळ्यातल्या एका शाळेच्या साइटला कुबरनेटिस कशाला, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

मग फाइल दुरुस्त कशी करायची? दार आणि घर वेगळं करा. दारावर एक कंटेनर, कॅडी म्हणा, एन्जिनएक्स म्हणा. सर्टिफिकेट त्याच्याकडे, आणि त्याचं फोल्डर नाव दिलेल्या व्हॉल्यूमवर. वेबसाइटचा कोड आतल्या दुसऱ्या कंटेनरमध्ये. तो दिवसातून वीस वेळा बदला, दाराला कळणारही नाही. त्या व्हॉल्यूमचा बॅकअप घ्या, कुलूपबंद ठेवा. आणि 'कम्पोज डाउन'पुढे 'व्ही' लावायची सवय असेल तर ती सोडा. तो व्ही व्हॉल्यूम पुसतो. जागा रिकामी करायची म्हणून लोक लावतात आणि नेमकी नको ती जागा रिकामी होते.

सराव सरावाच्या सर्व्हरवरच करायचा. लेट्स एन्क्रिप्टने स्टेजिंग त्यासाठीच ठेवलंय, तिथल्या मर्यादा खूप सैल आहेत. तिथलं सर्टिफिकेट ब्राउझर मानत नाही, पण तुमची स्क्रिप्ट बरोबर की चूक ते कळतं. प्रोजेक्टच्या काळात खरं दार ठोठवायची गरजच नाही.

नूतनीकरणाचंही बोलू. सर्टिफिकेट ९० दिवसांचं, आणि हा काळ आता आखडत चाललाय. ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था मिळून एप्रिल २०२५ मध्ये ठरलं की कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने ४ जून २०२५ ला बंद केले. म्हणजे फेऱ्या वाढणार आणि आठवण करून देणारं कोणी नसणार. अशा वेळी एआरआय नावाची सोय वापरणारं अवजार निवडा. त्यात सर्टिफिकेट देणारीच संस्था सांगते की आता नवं घ्यायची वेळ झाली, आणि तसं घेतलेलं नूतनीकरण कुठल्याही मर्यादेत धरलं जात नाही. पण त्यासाठी जुनं सर्टिफिकेट हातात असावं लागतं. मी ह्याच्या जागी हे मागतोय, असं सांगावं लागतं. ज्याने दाखला फाडला त्याला ही सवलत नाही.

पन्नासच्या मर्यादेचं राहिलं. इथे 'नोंदणीकृत डोमेन' म्हणजे काय ते पब्लिक सफिक्स नावाच्या यादीवरून ठरतं. जीओव्ही डॉट इन आणि एसी डॉट इन ह्या यादीत आहेत. म्हणून धुळे डॉट जीओव्ही डॉट इनचे पन्नास वेगळे, जळगावचे वेगळे. आपल्या विद्यापीठाचं एनएमयू डॉट एसी डॉट इन हेही एक स्वतंत्र डोमेन, पण त्याच्या पोटातले विभाग उद्या आपापली उपनावं घेऊन लेट्स एन्क्रिप्टकडे गेले तर सगळ्यांचे मिळून पन्नास. आणि समजा देवपुरातल्या एखाद्या एजन्सीने साठ शाळांना आपल्याच डोमेनखाली साठ उपनावं दिली. सर्व्हर बदलायच्या रात्री सगळी एकदम मागितली, तर दहा शाळा उघड्या राहणार. आणि त्या पन्नासची बादलीही २०२ मिनिटांना एक ह्या धारेने भरते, म्हणजे शेवटच्या शाळेचा नंबर दीड दिवसाने. अशा ठिकाणी वाइल्डकार्ड घ्या, एकाच सर्टिफिकेटात सगळी उपनावं. त्याची पडताळणी डीएनएसवरून होते, म्हणजे डीएनएस बदलायची किल्ली अवजाराला द्यावी लागते. ती किल्ली वेबसाइटच्या कंटेनरमध्ये कधी ठेवू नका. एका शाळेचं वर्डप्रेस फुटलं तर साठांचं डोमेन जाईल.

प्रश्न घेऊ.

(प्रश्न : सर्टिफिकेट इमेजमध्येच घालून ठेवलं तर? व्हॉल्यूमची भानगडच नको.)

नको. इमेज आपण रजिस्ट्रीवर चढवतो, मित्राला देतो, गिटहबच्या बिल्डमध्ये टाकतो. तिच्यात चावी असली तर ती सगळीकडे गेली. नंतरच्या थरात पुसलीत तरी आधीच्या थरात ती राहते. आणि नूतनीकरण झालं की इमेजमधलं जुनं झालं, म्हणजे परत बिल्ड. सर्टिफिकेट जाहीर असतं, त्याचं काही नाही. चावी जाहीर होऊन चालत नाही.

(प्रश्न : दर रात्री क्रॉनने नूतनीकरण होतं, फाइलवर नवी तारीख दिसते, पण ब्राउझरमध्ये जुनीच मुदत येते आणि एक दिवस संपते. का?)

एन्जिनएक्स सुरू होताना सर्टिफिकेट वाचून डोक्यात ठेवतो. डिस्कवर नवं आलं तरी त्याला कोणी सांगितल्याशिवाय तो परत वाचत नाही. नूतनीकरणानंतर रीलोड द्या, सर्टबॉटला त्यासाठी डिप्लॉय हुक आहे. सर्टबॉट एका कंटेनरमध्ये आणि एन्जिनएक्स दुसऱ्यात असेल तर तो निरोप पोचवायची सोय तुम्हालाच करावी लागेल. आणि तपासणी फाइलची तारीख बघून करू नका, बाहेरून, ब्राउझरला दिसतं ते बघून करा.

(प्रश्न : सर, आमचं आत्ताच अडकलंय. उद्या सकाळी साइट लागणार आहे. काय करायचं?)

पहिलं म्हणजे जुनी सर्टिफिकेटं रद्द करत बसू नका, रद्द केल्याने बादली भरत नाही. सीआरटी डॉट एसएचवरून जुनं उतरवून घ्यायचं सुचतं लोकांना. ते मिळेल, पण चावीशिवाय कागदाचा तुकडा आहे. काढलेला कंटेनर खरंच काढलाय की नुसता थांबलाय ते आधी बघा. थांबलेला असेल तर त्याच्या पोटातून 'डॉकर कॉपी'ने सर्टिफिकेट आणि चावी बाहेर काढता येईल. तो नसेल तर एक पळवाट आहे, नावांच्या संचात एखादं उपनाव वाढवा, उदाहरणार्थ डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसेल तर ते. संच बदलला की पाचची मर्यादा नव्याने मोजली जाते. लेट्स एन्क्रिप्टच्या माहितीतही हे दिलेलं आहे, चोरीचं काम नाही. पण ह्यातून पन्नासमधला एक जातो, आणि व्हॉल्यूम न लावता हे केलंत तर पुढच्या आठवड्यात उपनावं संपतील. तिसरा रस्ता, दुसऱ्या संस्थेकडून घ्या. झिरोएसएसएल आहे, गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस आहे, अवजार तेच, पत्ता बदलायचा. आणि त्रुटीचा संदेश नीट वाचा, पुन्हा कधी मागता येईल ती वेळ त्यातच लिहिलेली असते. ती यूटीसीत असते, साडेपाच तास मिळवा. सर्टिफिकेट मिळालं की लगेच व्हॉल्यूमवर आहे का ते बघा, आणि ते बघेपर्यंत कोणालाही 'डाउन' करू देऊ नका.